म्हाताऱ्या नसा, नव्या जखमा

अलिबागहून रेवदंड्याला निघालं की नागाव मागे पडताच चौलच्या वाड्या लागतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळी, मधून वाहणारे पाट, अंगणात वाळत घातलेली सुपारी. बऱ्याच घरांतली तरुण मंडळी नोकरीसाठी मुंबई-पनवेलला गेलेली. त्यामुळे वाडीचं शिंपणं, झावळ्या ओढून आणणं, पडलेले नारळ गोळा करणं ही कामं साठी-सत्तरी ओलांडलेली माणसंच करताना दिसतात. त्यांच्या हातांकडे एकदा नीट बघावं. मनगटाच्या वर, हाताच्या मागच्या बाजूला जांभळे डाग असतात. कडा रेखीव, आकार वाटाण्यापासून रुपयाच्या नाण्यापर्यंत. दुखत नाहीत, सुजत नाहीत. कशानं लागलं म्हणून विचारलं तर सांगता येत नाही. झावळीचा देठ घासला असेल, दाराची कडी लागली असेल, नातवानं खेळताना हात ओढला असेल. दोन-तीन आठवड्यांत जांभळा रंग जातो आणि तिथे तपकिरी छटा राहते. तोवर शेजारी दुसरा डाग उमटलेला असतो.

घरात याला दोन उत्तरं तयार असतात. एक, "रक्त पातळ झालंय." दुसरं, "वय झालं, चालायचंच." पहिलं सरळ चुकीचं आहे. दुसरं अर्धं खरं आहे आणि म्हणून जास्त घातक आहे, कारण ते एकदा म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस बेटमन यांनी 1818 मध्ये म्हाताऱ्या माणसांच्या हातांवरच्या या डागांची नोंद केली. डॉक्टर आजही त्यांना 'सेनाइल परप्युरा' म्हणतात. कारण रक्तात नाही, कातडीत आहे. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांना कोलॅजेन नावाच्या तंतूंचा आधार असतो. वयानं तो विरळ होतो, आणि वर्षानुवर्षं उन्हात राबलेल्या कातडीत तर फारच लवकर. आधार गेला की नुसत्या घासण्यानंही वाहिनी फुटते आणि रक्त भोवती पसरतं. म्हणून हे डाग हातावर येतात, सदऱ्याखाली झाकलेल्या पोटावर येत नाहीत.

आणि रक्त? ते या वयात उलट गोठायला अधिक तत्पर झालेलं असतं. गुठळी बांधणारं फायब्रिनोजेन वयाबरोबर वाढतं, गोठण्याच्या साखळीतला आठवा घटक वाढतो, आणि झालेली गुठळी विरघळवण्याच्या कामाला खीळ घालणारं एक प्रथिनही वाढतं. म्हणजे पंचाहत्तरीच्या एकाच माणसाच्या हातावर विनाकारण रक्त साकळतं, आणि तोच माणूस मांडीचं हाड मोडून आठवडाभर पडून राहिला तर पायातल्या खोल शिरेत सहज गुठळी होते. जिथे बंद व्हायला हवं तिथे उघडं राहतं, जिथे वाहतं राहायला हवं तिथे बंद होतं. उतारवयातल्या रक्तवाहिन्यांची सगळी गोष्ट या उलट्या वागण्यात आहे.

चौलमध्ये एका वाडीवाल्या काकांशी बोलताना ही गोष्ट पुस्तकातून एकदम ओटीवर आली. वय सत्तरीच्या पुढे. काही महिन्यांपूर्वी मुंबईत त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, हृदयाच्या धमनीत एक स्टेंट बसवलेला. दोन्ही हात त्यांनी माझ्यापुढे धरले.

"हे बघा. एवढंसं लागलं तरी काळंनिळं. म्हणून ती रक्त पातळ करायची एक गोळी मीच बंद केली."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? डाग तर दिसतायत ना!"

आतून काकू म्हणाल्या, "मी सांगून दमले. ऐकतील तर शपथ."

त्या संध्याकाळी त्यांच्या मुलानं डॉक्टरांना फोन लावला आणि गोळी पुन्हा सुरू झाली. ती बंद करणं किती धोक्याचं होतं, ते कळण्यासाठी रक्तवाहिनीच्या आत शिरावं लागेल. हातावरचा डाग आणि छातीतला स्टेंट यांचं नातं तिथे जुळतं.

रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एंडोथेलियम. जाडी फक्त एका पेशीची. पण हृदयापासून नखाच्या टोकापर्यंत सगळ्या वाहिन्यांना ते अखंड असतं. फार काळ डॉक्टरांचा समज होता की हे अस्तर म्हणजे रक्त आणि भिंत यांच्यामधला नुसता पापुद्रा. हा समज मोडला तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका प्रयोगशाळेत, आणि तोही एका चुकीमुळे. रॉबर्ट फर्चगॉट हे औषधशास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यांवर औषधांचा परिणाम बघत असत. अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य जिवंत प्राण्याच्या नसेत टोचलं तर रक्तवाहिन्या सैल पडतात, पण त्यांच्या पट्ट्या मात्र आकसत. वर्षानुवर्षं हे कोडं सुटत नव्हतं. 1978 मध्ये त्यांच्या सहायकानं प्रयोगातल्या पायऱ्यांचा क्रम चुकवला आणि पट्टी आकसण्याऐवजी सैल पडली. शोध घेता घेता फर्चगॉटना कळलं की आजवर पट्टी तयार करताना तिची आतली बाजू घासली जात होती. अस्तर खरवडलं जात होतं. अस्तर शाबूत असेल तर वाहिनी सैल पडते, अस्तर गेलं तर त्याच औषधानं ती आकसते. 1980 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अस्तरातून सुटणारा तो संदेश म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे पुढे सिद्ध झालं, आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं.

मला या प्रयोगाचं मोल वाटतं ते वेगळ्या कारणानं. घासलेली पट्टी म्हणजे जखमी रक्तवाहिनीच. जखम झाली की वाहिनी हुकूम घेणं थांबवते, इतकंच नाही, उलटं वागू लागते, हे त्या टेबलावर उघड दिसलं. आणि निरोगी असूनही म्हातारी झालेली वाहिनी तिच्यासारखी थोडी थोडी वागू लागते, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. वयाबरोबर अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं, आणि जेवढं बनवतं त्यातलंही बरंचसं पेशींमधली ऑक्सिजनची उपद्रवी रूपं गिळून टाकतात. नायट्रिक ऑक्साइड वाहिनी नुसती सैल करत नाही. ते रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक कणांना भिंतीला चिकटू देत नाही, आणि भिंतीतल्या स्नायूपेशींना वाढू देत नाही. ते आटलं की तिन्ही कामं एकदमच ढिली पडतात.

अस्तराच्या बाहेर भिंतीत इलास्टिनचे थर असतात. प्रत्येक ठोक्याला महाधमनी फुगते ती इलास्टिनमुळे, आणि पुन्हा मूळ आकाराला येते तीही इलास्टिनमुळे. शरीर हे इलास्टिन लहानपणी आणि वाढीच्या वयात बनवतं. नंतर जवळजवळ नाहीच. हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. सत्तर वर्षांत अडीचशे कोटींहून जास्त. लहानपणी मिळालेल्या त्याच धाग्यांना हे सगळे ठोके झेलायचे असतात. ते तुटतात, त्यांच्या जागी ताठ कोलॅजेन येतं, मधूनमधून कॅल्शियम साचतं. वाडीत उन्हात पडून राहिलेला प्लास्टिकचा पाइप जसा कडक होतो, वाकवला की चिरतो, तशी ही धमनी होते. साठीनंतर पुष्कळांचा रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो, तो यामुळेच. नाडीची लाट तरुण धमनीतून सेकंदाला पाच-सहा मीटर वेगानं जाते, ताठ धमनीतून तिचा वेग दहा मीटरच्याही पुढे जातो, आणि तो धक्का थेट मेंदू आणि मूत्रपिंडाच्या नाजूक वाहिन्यांवर आदळतो.

धमनी तुटली तर ती पहिल्या क्षणी काय करते, याचं एक उदाहरण चौलच्या इतिहासातच आहे. मार्च 1508 मध्ये कुंडलिकेच्या मुखाशी, चौलच्या बंदरात, इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवच्या मलिक अयाजची गलबतं यांनी पोर्तुगीज ताफ्याला गाठलं. ताफ्याचा म्होरक्या होता लोरेन्सो द आल्मेडा, पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा. तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला, तरी डोलकाठीच्या पायथ्याशी बसून तो हुकूम देत राहिला आणि दुसऱ्या गोळ्यानं मारला गेला, असं पोर्तुगीज बखरकार सांगतात. त्यात शौर्यकथेचा भाग किती, हा इतिहासकारांचा विषय. पण मोडलेल्या पायानिशी तरुण माणूस काही काळ शुद्धीवर राहू शकतो, हे वैद्यकात बसतं. पूर्ण तुटलेली निरोगी धमनी आपल्या ताणानं मांसात मागे ओढली जाते, तिचे स्नायू आवळतात, तोंड अरुंद होतं आणि गुठळीला धरायला जागा मिळते. अर्धवट चिरलेली धमनी जास्त वाहते, कारण तिला मागे सरकता येत नाही. आणि कॅल्शियमनं ताठलेल्या म्हाताऱ्या धमनीला दोन्ही नीट जमत नाहीत. तिला ओढ राहिलेली नसते, आवळायला जोर उरलेला नसतो.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना धमनीची ही वागणूक हाताला कळलेली होती. वाहतं रक्त थांबवण्याचे चार उपाय सुश्रुतानं दिले आहेत, त्यातला शेवटचा म्हणजे डाग देणं, आणि त्यानं शीर आकसते हे त्याचं कारणही सांगितलं आहे. शीर उघडून रक्त काढण्याच्या उपचारात मात्र वय बघायला तो सांगतो. बालक आणि वृद्ध यांची शीर उघडू नये. वाग्भटानं तर आकडेच दिले, सोळाच्या आत नाही आणि सत्तरीच्या पुढे नाही. म्हाताऱ्यांसाठी सुश्रुताकडे जळवा आहेत, कारण तो त्याच्या लेखी सर्वांत सौम्य मार्ग. त्यांची रक्ताविषयीची उपपत्ती आज टिकत नाही. पण सत्तरीपुढची शीर वेगळी वागते, तिला जखम करताना हात आखडता घ्यावा, हे निरीक्षण खाटेशेजारी बसून केलेलं आहे.

आता जखमेनंतरच्या आठवड्यांकडे वळू. काकांच्या गोळीचं उत्तर तिथे आहे.

अस्तर खरवडलं गेलं की प्लेटलेट येऊन चिकटतात, गुठळी धरते, मग साफसफाईच्या पांढऱ्या पेशी येतात. त्यांच्या संदेशांवर भिंतीतल्या स्नायूपेशी जाग्या होतात. एरवी त्यांचं काम फक्त आवळणं आणि सैल होणं. जखमेनंतर त्या रूप बदलतात, दुभंगून वाढतात, आतल्या बाजूला सरकतात आणि नवा थर घालतात. दरम्यान जखमेच्या कडांकडून अस्तराच्या पेशी सरकत येऊन उघडी जागा झाकतात. झाकलं गेलं की नायट्रिक ऑक्साइड पुन्हा सुटतं, स्नायूपेशींना थांबण्याचा निरोप मिळतो आणि काम संपतं. भरणं आणि थांबणं दोन्ही वेळेवर झालं तर वाहिनी जवळजवळ पूर्ववत होते.

वय इथे मेख मारतं. अस्तराच्या पेशी सावकाश सरकतात, कमी दुभंगतात. माणसाच्या पेशी ठराविक वेळाच दुभंगतात हे लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवलं होतं, आणि तशा थकून थांबलेल्या पेशी माणसाच्या धमन्यांतल्या चरबीच्या गाठींजवळ प्रत्यक्ष सापडल्या आहेत. या पेशी मरत नाहीत. दाह वाढवणारी द्रव्यं सोडत बसून राहतात. झाकण्याचं काम लांबलं की स्नायूपेशींना थांबण्याचा निरोप उशिरा मिळतो, आणि त्या वाढत राहतात.

म्हातारपणी भरून येण्याची ताकद कमी होते, तर थरही पातळच पडेल, असं कुणालाही वाटेल. संशोधकांनाही तसंच वाटत होतं. 1980 च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांनी हे उलटवलं. तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांच्या धमनीत बारीक फुगा घालून अस्तर सारखंच खरवडलं, तर म्हाताऱ्यांच्या धमनीत आतला थर जास्त जाड झाला. पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी महाधमनीचे तुकडे अदलाबदल करून बसवले, म्हाताऱ्याचा तुकडा तरुण उंदरात आणि तरुणाचा म्हाताऱ्यात. जाड थर आला तो म्हाताऱ्या तुकड्यात, भोवती वाहणारं रक्त तरुणाचं असूनही. म्हणजे वय त्या भिंतीत मुरलेलं होतं. म्हाताऱ्या वाहिनीला दुरुस्तीची गती धरता येत नाही आणि थांबताही येत नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. वाहिनी नुसती झिजत नाही. तिचा दुरुस्तीचा अंदाज चुकू लागतो.

ही गोष्ट उंदरांपुरती राहिली नाही, कारण माणसाच्या धमनीत फुगा घालणं तोवर सुरू झालं होतं. 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवून अडथळा दूर केला. रुग्ण अडतीस वर्षांचा होता आणि त्याची धमनी पुढे अनेक वर्षं उघडी राहिली. पण फुगा फुगवणं म्हणजे धमनीला जाणूनबुजून जखम करणंच. साधारण तीनातल्या एका रुग्णाची धमनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होई. मग धातूची जाळी, म्हणजे स्टेंट आला. तो धमनीला उघडं धरी, पण जाळीच्या आतून स्नायूपेशी वाढतच. त्यावर उपाय सापडला पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीत. तिथल्या एका जीवाणूपासून मिळालेलं सिरोलिमस हे औषध पेशींचं दुभंगणं रोखतं. ते चोपडलेला स्टेंट 1999 च्या अखेरीस ब्राझीलमधल्या साओ पाउलोमध्ये माणसात पहिल्यांदा बसवला गेला. याच औषधाचं दुसरं नाव रॅपामायसिन. 2009 मध्ये ते उतारवयातल्या उंदरांना अन्नातून दिल्यावर त्यांचं आयुष्य वाढलं. धमनीतली बेसुमार वाढ आणि म्हातारपण यांची दोरी पेशीत एकाच ठिकाणी बांधलेली आहे, असा त्यातून कयास बांधला गेला, आणि ते काम अजून चालू आहे.

पण सिरोलिमस नेमकं स्नायूपेशींनाच ओळखत नाही. ते अस्तराच्या पेशींनाही थांबवतं. म्हणजे आधीच सावकाश सरकणारं म्हाताऱ्या धमनीचं अस्तर स्टेंटची तार झाकायला आणखी वेळ घेतं. उघड्या तारेवर प्लेटलेट जमू शकतात आणि क्षणात धमनी बंद होऊ शकते. तेवढे महिने रक्ताला आवर घालायला अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी द्यावी लागते, किती काळ ते रुग्ण बघून ठरतं. काकांनी बंद केली होती ती ही दुसरी गोळी. हातावरचे डाग तिनं वाढवले हे खरं, पण डागांची जागा उघडी आणि निरुपद्रवी होती. आत, जिथे कुणाला दिसत नाही तिथे, त्याच वयाच्या अस्तरानं तार पुरती झाकलेली नसणार. डागांनी जीव जात नाही, त्या तारेवरच्या गुठळीनं जातो. डाग फार वाढले, शौचातून रक्त गेलं, काळी शौच झाली, तर डॉक्टरांना लगेच सांगावं आणि गोळीचं त्यांनाच ठरवू द्यावं. आपण बसल्या जागी निर्णय घेऊ नये.

स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारनं मर्यादा घातली, औषधवाला स्टेंट 29,600 रुपयांवर आणला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते. त्यामुळे चौलसारख्या गावांत छातीत स्टेंट असलेली माणसं आता घरोघर भेटतात. नंतरच्या गोळ्यांची माहिती मात्र डिस्चार्ज कार्डावर दोन ओळींत असते, बहुधा इंग्रजीत. हे मला फार खुपतं. ऑपरेशन शहरात होतं, पण जखम गावात भरते, आणि ती कशी भरते हे रुग्णाला त्याच्या भाषेत कुणी बसून सांगत नाही.

'चालायचंच' या वृत्तीनं सर्वांत मोठी हानी होते ती डोक्याच्या माराच्या बाबतीत. चौलच्या भोवाळ्यात दत्ताचा डोंगर आहे. दत्तजयंतीला तिथे मोठी यात्रा भरते आणि वयस्क माणसं शेकडो पायऱ्या चढून वर जातात. चढणं चांगलंच आहे. उतरताना एखादा पाय घसरतो, डोकं कठड्याला आपटतं. किंवा पावसाळ्यात वाडीतल्या शेवाळलेल्या दगडावर. टेंगूळ येतं, रक्त नाही, शुद्ध हरपत नाही. हळद लावली, झालं. पण वयाबरोबर मेंदू थोडा आकसलेला असतो आणि मेंदू व कवटीचं आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या गेलेल्या असतात. लहानशा धक्क्यानं त्यातली एखादी फुटते. शिरेतला दाब कमी, त्यामुळे रक्त अगदी सावकाश झिरपतं. तरुण डोक्यात जागाच नसते म्हणून लक्षणं लगेच दिसतात, म्हाताऱ्या डोक्यात रक्ताला साचायला जागा असते. दोन आठवडे, कधी सहा आठवडे जातात. मग आजोबा विसरू लागतात, दिवसा झोपून राहतात, चालताना एका बाजूला झुकतात, जेवताना हातातला घास सांडतो. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. त्या पडण्याची आठवणही कुणाला नसते. डोक्याचा सीटी स्कॅन काढला तर कवटीखाली साचलेलं जुनं रक्त दिसतं, आणि कवटीला भोक पाडून ते काढलं की पुष्कळजण पुन्हा पूर्वीसारखे बोलू-चालू लागतात. बुद्धिभ्रंश समजून कोपऱ्यात बसवलेला माणूस घरात परत येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका वाढतो. म्हणून साठीपुढच्या माणसाच्या वागण्यात दोन-चार आठवड्यांत फरक पडला, तर पहिला प्रश्न एकच विचारावा, मागच्या दोन महिन्यांत ते कुठे पडले होते का? पडल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

मग यातलं वयाचं किती आणि जगण्याचं किती? बोलिव्हियाच्या अ‍ॅमेझॉनमध्ये राहणाऱ्या त्सिमाने लोकांच्या हृदयाच्या धमन्या संशोधकांनी स्कॅन केल्या. चाळीस ते चौऱ्याण्णव वयाची सातशेहून जास्त माणसं. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्यांतल्या 85 टक्क्यांच्या धमन्यांत कॅल्शियम नव्हतं. त्यांच्या ऐंशीच्या म्हाताऱ्याची धमनी अमेरिकेतल्या पंचावन्नच्या माणसाइतकी होती. दिवसभर शिकार, मासेमारी, शेती, आणि तंबाखू अगदी कमी. उलट आपल्याकडे गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं शहाऐंशी गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि 2015 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा मृत्यूचं पहिलं कारण निघालं पक्षाघात, दर सातांमागे एक मृत्यू. कष्ट करणाऱ्या खेड्यातल्या माणसाला नसांचा आजार होत नाही, हा शहरी समज तिथे गळून पडला. खेड्यात कष्ट आहेत, पण तंबाखूही आहे आणि न मोजलेला रक्तदाबही आहे. दोन्ही अस्तराला रोज नवी जखम करतात.

चौलमध्ये हे बोलताना सुपारीचा विषय टाळता येत नाही, आणि इथल्या घरांचं पोट तिच्यावर आहे म्हणून तो जपूनच काढावा लागतो. सुपारी विकणं वेगळं, ती रोज चघळणं वेगळं. सुपारीतलं अरेकोलीन प्रयोगशाळेत अस्तराच्या पेशींना इजा करतं, आणि 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली. तंबाखूची मिश्री तर पुष्कळ आजींच्या डबीत अजून आहे, सकाळी दातांना आणि दुपारी सवयीनं.

अस्तर पुन्हा तरणं करता येतं का, याचं एक चांगलं उत्तर 2000 मध्ये कोलोरॅडोहून आलं. बैठं आयुष्य असलेल्या मध्यमवयीन आणि वयस्क पुरुषांना तीन महिने नियमित व्यायाम दिला, मुख्यतः झपझप चालण्याचा. त्यांच्या वाहिन्यांची सैल पडण्याची क्षमता तरुणांच्या जवळ आली. ना औषध, ना शस्त्रक्रिया. पुढे हाच प्रश्न पाळी गेलेल्या बायकांच्या बाबतीत तपासला गेला, तेव्हा निकाल तितका सरळ आला नाही. इस्ट्रोजेन आटल्यावर नुसत्या चालण्यानं अस्तराला तेवढा फायदा झाला नाही. व्यायामाचे इतर लाभ त्यांनाही मिळतातच, पण वाहिन्यांच्या म्हातारपणावरचं ज्ञान बरंचसं पुरुषांच्या धमन्यांवर उभं आहे, हे त्यातून स्पष्ट झालं.

हे वाचून मला चौलच्या ओट्यांवर अडकित्ता आणि सुपारीचा ढीग घेऊन बसणाऱ्या बायकाच दिसल्या. तासन् तास एका जागी, पाय मुडपून. पुरुष निदान वाडीत फिरतात, डॉक्टरकडे जाऊन भांडतात, गोळी बंद करतात. या बायकांच्या हातांवरही तेच डाग आहेत, पण त्यांची नस कुणी बघितलेली नसते. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची सरकारी योजना आहे, आशाताई घरोघरी जाऊन त्याचे अर्ज भरतात, उपकेंद्रात यंत्र आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाऐवजी, किंवा वाणाबरोबर, उपकेंद्रातल्या ताईंना बोलावून आलेल्या प्रत्येकीचा रक्तदाब मोजून वहीत लिहायचा, हे कुठल्याही गावात एका दुपारी होण्यासारखं आहे. काकूंना मी तसं म्हटलं, तर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "आणि जास्त निघाला तर गोळी कायमचीच का हो?" कायमचीच असते बहुधा, मी म्हटलं. त्यावर त्यांनी नवऱ्याच्या गोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि त्यातली कुठली कशासाठी, हे एकेक करून विचारायला सुरुवात केली.